गाळलेला ठोका

ज्या माणसाने एकतीस वर्षांच्या नोकरीत एकाही यंत्राचे सील तोडले नव्हते, इतकेच नव्हे तर सील तोडणाऱ्या तिघांना ज्याने घरचा रस्ता दाखवला होता, त्या मुकुंद ठोसरांनी २०३८च्या भाद्रपदातल्या एका रविवारी सकाळी परीक्षणशाळेचे दार आतून लावून घेतले आणि विजेची रेघ पडद्यावर काढणाऱ्या तीन नंबरच्या ऑसिलोस्कोपच्या पाठीवरचे चंदेरी सील स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने उभे फाडले. त्यांना भीती नव्हती, संताप होता. आणि हा संताप नेमका कुणावरचा, हे अजून त्यांचे त्यांनाच ठरवता आले नव्हते.

आदल्या संध्याकाळी शाहीन अत्तार त्यांच्या दारात येऊन उभी राहिली होती. आठ-नऊ महिन्यांपूर्वीपर्यंत ती सातपूरच्या याच परीक्षणशाळेत त्यांच्या हाताखाली काम करीत असे. ठोसर "आत ये" म्हणाले, तरी तिने चपला काढल्या नाहीत.

"बसायला नाही आले, सर. बुधवारी चौकशी आयोगाची शेवटची सुनावणी आहे. लहानू भोये तुरुंगात जाणार की घरी, ते तुमच्या कागदावर ठरणार आहे. म्हटलं, आठवण करून द्यावी. तुमची स्मरणशक्ती चांगली आहे, फक्त सोयीची आहे."

ठोसरांच्या कपाळाची शीर उडू लागली. "मी त्या यंत्रासमोर दोन तास बसलो होतो, शाहीन. रेघ सरळ होती."

"रेघ सरळच होती. पाळणा वाकडा झाला."

प्रकरण असे होते. श्रावणातल्या एका सोमवारी भैरवकड्याच्या रोपवेचा एक भरलेला पाळणा वरच्या स्थानकापाशी ब्रेक लागून थांबला होता. तो आपोआप सुटला, उताराने मागे धावला आणि खालच्या खांबावर आदळला. दोन माणसे जागीच गेली. ब्रेकवर लहानू भोये नावाचा माणूस होता. तो शपथेवर सांगत होता, की मी ब्रेक लावला होता, यंत्राने सोडला. पण ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला ठोसरांच्या परीक्षणशाळेचे निर्दोष प्रमाणपत्र होते. यंत्र निर्दोष, तर माणूस दोषी. तिसरा कुणी उरतच नव्हता.

आणि त्या प्रमाणपत्राआधी, गेल्या मार्गशीर्षात, शाहीनने याच नियंत्रकाला नापास केले होते. कोठीघरात धूळ खात पडलेल्या सीआरओवर, म्हणजे काचेच्या नळीच्या जुन्या ऑसिलोस्कोपवर, तिने ब्रेकच्या तारेत एक ठोका पाहिला होता, क्षणार्धाचा, कुणी न मागता आलेला. तीन नंबरच्या नव्या ऑसिलोस्कोपवर मात्र तो दिसेना. ठोसर स्वतः दोन तास बसले, त्यांनाही दिसला नाही. मग त्यांनी आपल्या वळणदार अक्षरांत तिच्या अहवालावर शेरा मारला : 'यंत्रात दोष नाही. निरीक्षकाचा भ्रम.' संचालक निमकरांनी त्याच शेऱ्याचा आधार घेऊन तिचा करार संपवला. ज्याला भ्रम होतो असा परीक्षक पुढे कुठली परीक्षणशाळा ठेवील?

"त्या सीआरओची तपासणीची मुदत संपलेली होती," ठोसर म्हणाले. "नियम—"

"नियम मला पाठ आहे. 'मुदत संपलेल्या यंत्रावर दिसलेले काहीही दिसलेले नसते.' वाक्य तुमचंच. सर, माझ्या आजीच्या चष्म्याची मुदत संपून वीस वर्षं झाली. घराला आग लागली तर ती तिला दिसणार की नाही?"

"फोनवर व्हिडिओ तरी काढायचास!"

"काढला होता. फोननं लुकलुक पुसून चित्र साफ करून दिलं. हल्ली सगळीच यंत्रं शहाणी झालीत. मूर्ख राहिलो आपण दोघं. त्यातही मी बेकार मूर्ख." ती वळली आणि जिन्यावरून म्हणाली, "लहानूच्या बायकोनं मला विचारलं, 'ताई, तुला दिसलं होतं ना, मग लिहिलं का नाहीस?' मी काय सांगू तिला? लिहिलं होतं, पण खोडणाऱ्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं?"

ती गेली, तिचे शेवटचे वाक्य गेले नाही. ठोसरांना राग आला तो तिचाच. दोन तास! सात हजार दोनशे सेकंद! त्यांनी पापणी लवू दिली नव्हती. आता तिला कायमचे खोटे पाडायचे, असा निश्चय करूनच ते रविवारी आले होते. ऑसिलोस्कोपच्या पोटात कच्ची मोजमापे कुठेतरी साठत असणार. ती काढायची, तिच्यापुढे टाकायची आणि विषय मिटवायचा. हे मुद्दाम सांगून ठेवले पाहिजे, कारण पुढे लोकांनी त्यांना सत्यशोधक वगैरे म्हटले. त्या सकाळी ते सत्य शोधायला आलेले नव्हते. ते जिंकायला आले होते.

मागचे झाकण निघाले. आत हिरवा बोर्ड, मधोमध पंख्याखाली मोठी चिप आणि कडेला, कुणी विसरून गेल्यासारखे, एका ओळीत चार उघडे तांबडे ठिपके. असे चार ठिपके म्हणजे काय, हे या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. यंत्र बनवणारे इंजिनिअर त्याच्याशी बोलण्यासाठी जी खिडकी ठेवतात आणि माल विकताना बुजवायचा कंटाळा करतात, ती ही खिडकी. ठोसरांनी तीन बारीक तारा त्या ठिपक्यांना डाख देऊन चिकटवल्या, त्या लॅपटॉपला जोडल्या आणि यंत्र चालू केले.

लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धबाधबा कोसळू लागल्या. ऑसिलोस्कोप विजेची रेघ काढतो असे आपण म्हणतो. पण गेली पंचवीस-तीस वर्षे तो रेघ काढणारा एक लहानसा संगणक असतो आणि त्याच्या पोटात लिनक्स नावाची तीच प्रणाली चालते, जी जगातल्या निम्म्या यंत्रांच्या पोटात चालते. बटणे, गोल मुठी, पडदा हा सगळा बाहेरचा पोशाख. यंत्राने पासवर्ड मागितला. ठोसरांनी ते बंद केले, पुन्हा चालू केले, सुरुवातीच्या दोन सेकंदांत एक कळ दाबून त्याला अर्ध्या वाटेत अडवले आणि 'नेहमीचा कार्यक्रम नको, नुसता दरवाजा उघड' अशी आज्ञा दिली. दरवाजा उघडला. ज्या यंत्रासमोर ते अकरा वर्षे हात जोडल्यासारखे बसत आले होते, त्याच्या माजघरात ते प्रथमच पाऊल टाकीत होते.

तासाभरात त्यांना घराची रचना कळली. एका कप्प्यात पडद्यावरची चित्रे, एका कप्प्यात भाषांतरे, एका कप्प्यात मोठ्या चिपला यंत्र चालू होताना शिकवायचा धडा. आणि चालू असलेल्या कामांच्या यादीत, रेघ काढणाऱ्या कामाच्या बरोबर आधी, रोमन अक्षरांत लिहिलेले एक नाव : सुधारक.

ते नाव वाचून ठोसर क्षणभर हसले. त्यानंतर बराच काळ ते हसले नाहीत.

विजेचा दाब सेकंदाला अब्जावधी वेळा मोजून त्याचे आकडे करणारी चिप हा ऑसिलोस्कोपचा खरा डोळा. असे डोळे महाग आणि बाहेरून आणावे लागणारे. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांची आयात जवळजवळ थांबली, तेव्हा 'सुरेख' या नावाने ऑसिलोस्कोप विकणाऱ्या कंपनीने तोड काढली. डोळा हलक्या प्रतीचा बसवायचा आणि त्याच्यामागे एक शिकवलेला मेंदू ठेवायचा. या मेंदूने आधी कोट्यवधी चांगल्या रेघा पाहिलेल्या. मंद डोळ्याला जे अर्धवट दिसे, ते पाहून तो ओळखे, की ही अमुक जातीची रेघ आहे, आणि उरलेली स्वतःच पुरी करी. रेघ स्वच्छ येई, ठाशीव येई, जुन्या महाग यंत्रांहून देखणी येई. देशातल्या परीक्षणशाळांनी हात जोडून स्वागत केले. एवढेच, की ज्या रेघेत कधी नव्हे ते काही घडले, ती कोणत्याच जातीत बसत नसे. मग मेंदू घडलेले काढून टाकी आणि जातीप्रमाणे घडायला हवे होते ते भरी.

थोडक्यात, ठोसर त्या दिवशी दोन तास यंत्राकडे बघत होते. यंत्र मात्र तारेकडे बघत नव्हते. ते आठवत होते.

"म्हणजे हरामखोरांनो," ठोसर रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले, "मी पापणी न लवता कुणाकडे बघत होतो?"

पण खरा घाव पुढे होता. सुधारकाच्या शेजारी एक फाइल होती आणि कुण्या मराठी इंजिनिअरने मोठ्या रसिकतेने तिचे नाव ठेवले होते : गाळ. रेघेतून जे जे काढून टाकले, त्याची त्यात नोंद : दिवस, वेळ, रुंदी, उंची. प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच शब्द. 'अनोळखी. गाळले. खात्री ९७ टक्के. कंपनीकडे पाठवायचे.' मेंदूने काय काय फेकले ते कंपनीला हवे होते, त्याला आणखी शिकवण्यासाठी.

ठोसरांनी मार्गशीर्षातली ती तारीख शोधली. साठ मायक्रोसेकंदांचा ठोका, ब्रेकच्या तारेत. ते बसले होते त्या दोन तासांत सात वेळा. दोन नोंदींमधले अंतर प्रत्येक वेळी सारखेच : सतरा मिनिटे साडेअठ्ठावीस सेकंद.

त्यांनी कागद ओढला. सतरा मिनिटे साडेअठ्ठावीस सेकंद म्हणजे दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर मिलिसेकंद, म्हणजे दोनाचा विसावा घात. नियंत्रकातला मोजणारा दर मिलिसेकंदाला एक मोजतो, वीस खणांची पाटी भरली की शून्यावर येतो आणि त्या गडबडीत 'ब्रेक सोड' या तारेला चुकून एक धक्का देतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण नेमक्या त्या क्षणी एखादा भरलेला पाळणा ब्रेकवर टांगलेला असेल, तर?

यंत्राने पाहिले होते. सात वेळा पाहिले होते. आणि सातही वेळा ते लपवून त्यांना सरळ रेघ दाखवली होती, आणि त्या सरळ रेघेच्या जोरावर त्यांनी एका मुलीला भ्रमिष्ट ठरवले होते.

एक कोडे मात्र सुटेना. शेजारच्या चार नंबरच्या यंत्राचे सील त्यांनी फाडले (आता संकोच कसला!), तेव्हा त्यातली गाळाची फाइल रिकामी निघाली. रोज पहाटे सगळा गाळ कंपनीला जातो आणि इथला पुसला जातो. मग तीन नंबरमध्ये अकरा महिन्यांचा गाळ साठलेला कसा?

त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिले. तीन नंबरची नेटवर्कची वायर भिंतीतल्या डावीकडच्या खाचेत होती, आणि डावीकडची खाच गेली चार वर्षे मेलेली होती.

गेल्या खंडेनवमीला त्यांनीच सगळ्या वायरी काढल्या होत्या, टेबलांवर पांढरे कापड अंथरले होते, यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. आणि दसऱ्यानंतर त्यांनीच त्या परत जोडल्या होत्या, कारण वायरींना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. जोडणी तुटली की यंत्राच्या डाव्या कोपऱ्यात पिवळा दिवा लागतो. पण त्याच कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याने लावलेले हळदकुंकवाचे बोट वाळून घट्ट बसले होते, आणि पूजेचे कुंकू पुढल्या पूजेपर्यंत पुसायचे नाही, हा या शाळेतला सर्वांत जुना नियम होता.

ठोसरांनी नखाने कुंकू खरवडले. पिवळा दिवा अकरा महिने जळत होता.

एकतीस वर्षांत त्यांच्या हातून झालेली जोडणीची ही एकच चूक. आणि तेवढीच एक गोष्ट त्यांनी बरोबर केली होती.

सोमवारी संचालक निमकरांच्या खोलीचे दार बंद होते, तरी बाहेर सगळ्यांना ऐकू जात होते.

"सील तोडलंत? तुम्ही? मुकुंदराव, उद्या सूर्य पश्चिमेला उगवला असं सांगितलंत तरी मी आधी ते मानीन!"

"ते मानू नका. हे माना. ही यादी."

निमकरांनी यादी बोटाने बाजूला सारली. "मला एक सांगा. अकरा वर्षांत 'सुरेख'वर तपासून आपण किती प्रमाणपत्रं दिली?"

"तीन हजार एकशे चौदा. सगळ्यांवर माझी सही आहे."

"त्यात काय काय आहे? दवाखान्यांतल्या तान्ह्या बाळांच्या काचपेटीची नियंत्रणं, लिफ्टा, रेल्वेचे सिग्नल. ती सगळी उद्यापासून संशयित. पुन्हा तपासायची कशावर? देशभर 'सुरेख'च आहेत! तुम्हाला कळतंय का तुम्ही कुठला दगड उचलताय? खाली विंचू नाही, वारूळ आहे."

"म्हणून दगड तसाच ठेवायचा?"

"म्हणून आधी कंपनीशी बोलायचं. माझं बोलणं झालंय. ते म्हणतात, वायर नीट जोडा, दुपारपर्यंत दुरून तपासून सांगतो."

ठोसर उभे राहिले. त्यांचा आवाज एकाएकी खाली आला, आणि त्यांना ओळखणारे जाणत, की हे ओरडण्यापेक्षा वाईट लक्षण. "वायर जोडली, की गाळ जाईल आणि फाइल रिकामी होईल. तुम्हाला हे ठाऊक नसेल, तर तुम्ही या खुर्चीला नालायक आहात. ठाऊक असेल, तर कुठल्याच खुर्चीला नाही."

"तुम्ही निलंबित आहात, ठोसर!"

"लेखी द्या. तारीख घाला. तारखेशिवाय तुमचा कागद मी घेणार नाही."

ते बाहेर आले, तीन नंबरचे यंत्र काखेत मारले, कोठीघरातला जुना सीआरओ हातगाडीवर चढवला आणि फाटकापाशी आले. पहारेकऱ्याने सवयीने गेटपास मागितला, कारण गेटपासशिवाय टाचणीही जाऊ द्यायची नाही, हे त्याला ठोसरांनीच शिकवले होते. ठोसरांनी खिशातून पुस्तक काढले, दोन्ही यंत्रांचे क्रमांक लिहिले आणि 'बाहेर नेण्याचे कारण' या रकान्यात लिहिले : साक्ष.

बुधवारी जिल्हा कचेरीच्या सभागृहात आयोगाच्या अध्यक्षा, निवृत्त न्यायाधीश अनुराधा रणपिसे, चष्म्यावरून बघत होत्या. एका बाजूला दोन पोलिसांच्या मधे लहानू भोये खाली मान घालून बसला होता. 'सुरेख' कंपनीच्या वतीने ॲडव्होकेट सबनीस उभे होते, आणि ते चांगले वकील होते, म्हणजे ठोसरांची यादी त्यांनी नाकारली नाही. त्यांनी ती मान्य केली.

"हे तज्ज्ञ गृहस्थ म्हणतात, की यंत्र खोटं बोलतं. ठीक. मग त्याच यंत्राची ही डायरी खरी कशी? खोटारड्याची रोजनिशी पुरावा होते का? उरल्या अत्तारबाई. त्यांना भ्रम होतो, असं याच गृहस्थांनी स्वहस्ते लिहून ठेवलंय. दोन खोट्यांची बेरीज करून एक खरं कसं निघतं, मॅडम, हे गणित मला शाळेत शिकवलं नाही."

मागल्या बाकावरून शाहीन ठोसरांकडे बघत होती.

"शिकवतो," ठोसर म्हणाले. "दोन साक्षीदार एकमेकांशी न बोलता एकच वेळ सांगत असतील, तर?"

त्यांनी मांडणी केली. आयोगाच्या ताब्यातला, अपघातातलाच नियंत्रक मध्ये ठेवला. त्याची तार जुन्या सीआरओला दिली. या यंत्रात संगणक नाही, स्मृती नाही, मत नाही. तारेत वीज हलली की काचेच्या नळीतला किरण हलतो, एवढेच. किरण ठोका येईपर्यंत दबा धरून बसेल अशी मूठ फिरवून ठेवली. ठोका आला तर पडद्यावर एकदाच हिरवी रेघ चमकेल आणि विझेल. भर दिवसाच्या उजेडात ती दिसत नाही, म्हणून पडद्याला काळा रबरी मुखवटा लावायचा आणि त्यात डोळे घालून बसायचे. तेव्हा बघणाऱ्याला दुसरे काही दिसत नाही. घड्याळ तर नाहीच.

मग त्यांनी एक बंद पाकीट अध्यक्षांपुढे ठेवले. "यात मी गाळाच्या फाइलवरून काढलेल्या वेळा आहेत, नियंत्रक चालू केल्यापासून मोजलेल्या. श्रीमती अत्तारांना त्या ठाऊक नाहीत. पाऊण तासाने उघडावे."

शाहीन पुढे आली. बसता बसता ती फक्त त्यांनाच ऐकू जाईल असे म्हणाली, "मला विचारलंत तरी का?"

ठोसरांनी मूठ पुन्हा तपासली. तिने मुखवट्यात चेहरा घातला. अकरा वाजता नियंत्रक चालू झाला.

सभागृहात पंखे फिरत राहिले. पाच मिनिटे, दहा मिनिटे. कुणीतरी खोकले. सबनीसांनी पेनचे टोपण काढले, लावले. लहानू भोयेने मान वर केली आणि तो त्या काळ्या मुखवट्याकडे एकटक बघू लागला.

"आला!" शाहीन म्हणाली. लेखनिकाने भिंतीवरचे घड्याळ बघून वेळ लिहिली.

पुन्हा सतरा मिनिटे. ठोसर स्वतःचे मनगट मुठीत आवळून उभे होते.

"आला!"

लेखनिकाने लिहिले. त्यानंतर मात्र ती बोलली नाही. पाऊण तास झाला तेव्हा अध्यक्षांनी पाकीट फोडले आणि वाचले, "सतरा मिनिटे अठ्ठावीस सेकंद. चौतीस मिनिटे सत्तावन्न सेकंद." लेखनिकाच्या नोंदीत दोन्ही वेळी एका सेकंदाचाच फरक होता. सभागृहात कुजबुज उठली. अध्यक्षा पुढे वाचू लागल्या, "त्रेचाळीस मिनिटे शून्य सेकंद."

सबनीस उसळून उभे राहिले. "त्रेचाळीस! त्रेचाळीसला बाई गप्प होत्या! तीनांतला एक चुकला, मॅडम. दोन योगायोग, एक सत्य!"

"कागद उलटा करावा," ठोसर म्हणाले.

अध्यक्षांनी कागद उलटला आणि मागच्या बाजूचे वाचले. "'तिसरी वेळ मुद्दाम खोटी लिहिली आहे. त्या वेळी ठोका येणार नाही. भ्रम होणारा निरीक्षक, किंवा वेळा आधीच सांगून बसवलेला साक्षीदार, तेव्हाही "आला" म्हणेल. मुकुंद ठोसर.'"

"जे घडतं ते बघणारे पुष्कळ असतात, वकीलसाहेब," ठोसर म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज सभागृहाला पुरून उरला. "जे घडत नाही ते न बघणारी नजर शोधा! तुमच्या कंपनीने अकरा वर्षांत तेवढं एक बनवलं असतं, तर ती दोन माणसं आज जेवायला घरी असती!"

"आवाज," अध्यक्षा म्हणाल्या. पण त्या उठून खाली आल्या. "खरा पुढचा कधी?"

"सहा मिनिटांनी, मॅडम. बावन्न मिनिटे सव्वीस सेकंद."

शाहीनने जागा दिली. निवृत्त न्यायाधीशांनी चष्मा काढून हातात धरला आणि मुखवट्यात चेहरा घातला. सहा मिनिटे कुणीही हलले नाही. मग त्या सावकाश सरळ झाल्या, चष्मा पुसला, लावला.

"नोंद घ्या," त्या लेखनिकाला म्हणाल्या. "आयोगाने स्वतः पाहिले."

लहानू भोये दोन पोलिसांच्या मधे बसल्या बसल्या रडू लागला, आणि त्यातला एक पोलीस उगाचच खिडकीबाहेर बघू लागला.

बाहेर व्हरांड्यात ठोसरांनी शाहीनला गाठले. त्यांना वाटले होते, आता काहीतरी बरे बोलणे होईल.

"पाकीट!" ती फिरून म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते आणि म्हणूनच बघवत नव्हते. "सगळ्या गावासमोर पुन्हा माझीच परीक्षा! मी खरं बोलते हे एकदा नुसतं म्हणून बघितलं असतंत, तर जीभ झडली असती का?"

"मी म्हटलं असतं तर सबनीसांनी माझाच शेरा माझ्या तोंडावर मारला असता. पुरावा लागला असता."

"ते कळतंय मला. मी तुमचीच विद्यार्थिनी आहे." ती एक पाऊल पुढे आली. "तिसरी वेळ तुम्ही त्यांच्यासाठी लिहिलीत, सर, की स्वतःसाठी?"

ठोसरांना खोटे बोलता आले असते. त्या घटकेला ते कुणालाही कळले नसते.

"दोघांसाठी," ते म्हणाले.

"वाटलंच," शाहीन म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

आठवड्याने लहानू भोये सुटला. आयोगाने 'सुरेख'वर दिलेली परीक्षणशाळेची तीन हजार एकशे चौदा प्रमाणपत्रे स्थगित केली, कंपनीकडे तिच्याजवळ जमलेला सगळा गाळ मागितला आणि फेरतपासणी शाहीन अत्तार यांच्याकडे सोपवली. निमकर रजेवर गेले. ठोसरांचे निलंबन कायमच राहिले, आणि ते योग्यच होते, असे त्यांचे स्वतःचे मत होते. सील तोडले होते. पण फेरतपासणीसाठी शाहीनने एक अट घातली आणि ती मान्य झाली.

खंडेनवमी आली. निलंबित माणसाने पूजा करावी की नाही, यावर थोडा वाद झाला. शेवटी ठोसरांनीच वायरी काढल्या, कापड अंथरले, माळा घातल्या. जुन्या सीआरओला त्यांनी कुंकू लावले ते त्याच्या पत्र्याच्या पाठीवर, चाचपून, जिथे काहीही झाकले जाणार नाही अशा जागी. 'सुरेख'ची अकरा यंत्रे झाकून ठेवलेलीच राहिली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वायरी परत जोडायला कुणीतरी पुढे झाले, तेव्हा शाहीनने नुसती नकाराची मान हलवली.

ती टेबलाशी बसली. पुढ्यात नवी वही, पहिले पान, प्रमाणपत्र क्रमांक एक : एका दवाखान्यातल्या काचपेटीचा तापमान-नियंत्रक. समोर स्टुलावर ठोसर, काळ्या मुखवट्यात तोंड घालून. अट एवढीच होती : बघायचे त्यांनी, लिहायचे तिने.

अंधारात डोळ्यांपुढे काहीच नव्हते. मानेला रग लागली. बाहेर पेनचे टोपण निघाल्याचा आवाज आला.

"आला का?"

"नाही."

"नीट बघा, सर," शाहीन म्हणाली. "भ्रम होऊ देऊ नका."